जुन्या आरएक्सची टाकी घरी रंगवायची आहे? आधी आतून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल बरीच वर्षं पार्किंगमध्ये उभी होती. टाकीच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेत, डाव्या बाजूला गुडघ्याजवळ एक पोचा आहे, झाकण उघडून आत पाहिलं तर सगळं तांबूस दिसतं. घरीच स्प्रे कॅन आणून टाकी रंगवली तर टिकेल का आणि कॅन कुठला घ्यावा?

कॅन कुठला हे सगळ्यात शेवटी ठरतं. खालच्या कडेचे ते फोड ही टाकीची खरी तक्रार आहे. टाकी दोन-तीन पत्रे जोडून बनते आणि जोड खालच्या कडेने जातो. पेट्रोलमधलं पाणी जड, ते तळाशी त्याच जोडापाशी साठतं. आता पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी रोज फिरत असेल तर पेट्रोल बदलत राहतं. उभ्या गाडीत ओल मुरत जाते, एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाला बसतो आणि पत्रा आतून गंजायला लागतो. कधीकधी तो इतका पातळ होतो की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पेट्रोल झिरपून बाहेरच्या रंगाखाली शिरतं, आणि बाहेर फोड दिसतो. अशा टाकीवर कितीही महाग रंग मारला तरी पहिल्यांदा टाकी फुल केल्यावर तो पुन्हा उचलणार.

म्हणून क्रम ठरलेला: आधी आतला गंज, मग गळतीची तपासणी, गरज पडली तर डाग (वितळलेल्या धातूने छिद्र बुजवणं) किंवा सीलर (आतून फिरवायचं, गळती बुजवणारं अस्तर), त्यानंतर पोचा, आणि सगळ्यात शेवटी रंग. उलट केलंत तर गंज काढायचं ॲसिड किंवा सीलरचं थिनर नव्या रंगावर सांडतं आणि सगळी मेहनत वाया जाते. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, त्यामुळे तुमची मूळ टाकी जपण्यासारखी आहे. बाजारात नव्या टाक्या मिळतात, पण पत्र्याची जाडी आणि भोकांची जुळणी प्रत्येकीत वेगळी निघते. मूळ टाकी पार चाळण झालेली नसेल तर तीच दुरुस्त करा असं मी सांगेन.

टाकी उतरवताना टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करून पाइप काढा, सीटखालचा मागचा बोल्ट सोडवा आणि टाकी मागे ओढून पुढच्या रबरांतून सोडवा. जुनं पेट्रोल गटारात ओतू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या, पार्ट धुवायला त्यांना लागतं. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि शेजारच्या खोलीतल्या गॅस गीझरपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोचते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

कॉक आणि झाकण दोन्ही काढून बाजूला ठेवा. ते जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ॲसिड त्यांना खातं. कॉकच्या भोकावर जाड रबराचा तुकडा आणि वर छोटी लोखंडी पट्टी ठेवून कॉकच्याच स्क्रूंनी आवळा, म्हणजे पाणी गळणार नाही.

आता गंज. बहुतेकांची गडबड इथेच होते: टाकी उघडली की लगेच ॲसिड ओततात. वर्षानुवर्षं आटलेल्या पेट्रोलचा चिकट, पिवळसर थर गंजावर बसलेला असतो आणि त्याखाली ॲसिड पोचतच नाही. आधी कडकडीत गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड घालून टाकी दोन-तीनदा खळखळवा. थर तरीही निघाला नाही तर अर्धा लिटर थिनर घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि पुन्हा साबणाच्या पाण्याने धुवा. गंजाचे मोठे पापुद्रे सुटत असतील तर सायकलची जुनी चेन दोरीला बांधून आत सोडा आणि टाकी हलवा. नट-बोल्ट किंवा खडी टाकू नका, एखादा तुकडा कोपऱ्यात अडकला तर काढता काढता नाकी नऊ येतात. चेन एका ओढीत बाहेर येते.

गंज काढायला मी सायट्रिक ॲसिड सुचवतो, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. ही टाकी साधारण साडेदहा लिटरची आहे. तिला ७०० ते ८०० ग्रॅम पुरतं. ते गरम पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा. थंड पाण्यातही काम होतं, पण फार रेंगाळतं. झाकणाच्या तोंडावर नुसतं फडकं ठेवा, घट्ट बंद करू नका. ॲसिड लोखंडावर चालतं तेव्हा हायड्रोजन वायू सुटतो, त्याला वाट हवी आणि जवळपास ठिणगी नको. सहा तासांनी टॉर्चने आत बघा. हलका गंज बारा तासांत निघतो, जुनाट गंजाला पूर्ण दिवस लागतो. पाणी गडद, हिरवट-काळं झालं आणि गंज तसाच असेल तर ते ओतून ताजं मिश्रण भरा. चार-चार दिवस तसंच ठेवू नका, गंज संपला की ॲसिड चांगला पत्रा खायला घेतं.

काही जण संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. गंज अर्ध्या तासात निघतो हे खरं, पण त्याबरोबर पत्राही झिजतो, जोडाच्या फटीत उरलेला क्लोराइड पुढे गंज वाढवत राहतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूच्या हत्यारांवरही गंज चढतो. एवढ्या जुन्या, पातळ झालेल्या टाकीला ते घालू नका. बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस करता येतं आणि त्यात चांगल्या पत्र्याला धक्का लागत नाही. टाकीला ऋण टोक, आतल्या सळईला धन टोक, पाण्यात थोडा धुण्याचा सोडा. सळई साध्या लोखंडाची हवी, स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये. पहिल्यांदाच करणाऱ्याला मात्र लिंबूसत्त्व सोपं.

ॲसिड बाहेर ओतून टाकल्यावरची दहा मिनिटं महत्त्वाची. उघडा, ओला पत्रा डोळ्यांदेखत पुन्हा केशरी होतो, म्हणून सगळं सामान आधी हाताशी मांडून ठेवा. ॲसिड बाहेर ओता, पाण्याने खळखळवा, लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी भरा, पाच लिटरला मूठभर सोडा पुरे. ते सगळीकडे फिरवून ओता आणि शेवटचं धुणं कडकडीत पाण्याने करा. पत्रा तापला की पाणी आपोआप उडतं. मग टाकी उन्हात उलटी धरून ब्लोअरने हवा मारा. स्पिरिटने धुवायचा सल्लाही मिळेल आणि तो चांगला आहे, पण मग हेअर ड्रायर आत घालू नका. स्पिरिटची वाफ आणि तापलेली कॉइल एकत्र आली की आग. सुकल्यावर हलकी केशरी झाक राहिली तर घाबरू नका. फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक फिरवून ओतलं की पत्रा करडा होतो आणि थोडे दिवस दम धरतो.

आता गळती तपासा. सगळी भोकं बंद करा, बाहेरून साबणाचं पाणी लावा आणि सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा, दोन पीएसआयच्या वर नको. कंप्रेसर लावलात तर टाकी फुगून कायमची बेढब होईल. खालचा जोड, कॉकभोवतीचा पत्रा आणि फ्रेमवर बसणाऱ्या खोलगट भागाची वेल्डिंग या तीन जागी बुडबुडे शोधा. फोडांच्या जागचा रंग खरवडून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा दाबून बघा. दबला, तर तिथे छिद्र होण्याच्या बेतात आहे असं समजा.

इथून पुढे तुमच्या टाकीची अवस्था ठरवेल. पत्रा टणक असेल आणि बुडबुडे नसतील तर सीलर लावू नका. लोक धास्तीने लावतात. पण आतल्या जोडाची फट कधी पूर्ण कोरडी, पूर्ण स्वच्छ होत नाही. तिथे सीलर धरत नाही, पुढे पापुद्रे सुटून कॉकमध्ये अडकतो आणि त्याच्याखाली वाढणारा गंज तुम्हाला दिसतही नाही. एक-दोन बारीक छिद्रं असतील तर डाग देणाऱ्याकडे जा. पितळेचा डाग चांगला टिकतो. मात्र पेट्रोलच्या टाक्यांचं काम नेहमी करणारा माणूस शोधा, जो टाकी गरम पाण्याने धुऊन आणि डागाच्या जागेपर्यंत पाणी भरूनच ज्योत लावतो. हे घरी करू नका. छिद्रं बरीच आणि विखुरलेली असतील तेव्हाच सीलर, आणि तोही दोन भागांचा इपॉक्सी, डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेला. फायबरग्लासचं पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये मऊ पडून कार्बोरेटरमध्ये उतरतं. सीलर ओतून टाकी हळूहळू फिरवत राहा, जास्तीचा निथळून टाका, तळाला डबकं राहू देऊ नका, आणि डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्या.

रंगाला घेण्याआधी आत शंभर मिलिलिटर टू-टी ऑइल फिरवून निथळा, म्हणजे तोवर गंज चढणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनला ते पुढे बाधत नाही. सीलर लावला असेल तर याची गरज नाही. दोन्ही तोंडं घट्ट बंद करा आणि बाहेरून तेलाचा एक थेंबही राहू देऊ नका.

बाहेरचा जुना रंग सगळा काढायचा की नाही? थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या रंगावर दोन मिनिटं दाबून धरा. रंग विरघळला किंवा सुरकुतला, तर कोणीतरी मधे एनॅमल किंवा साधा लॅकर मारलाय, तो सगळा उतरवा. नाहीतर नवा रंग पडताच खालचा थर सुरकुत्या धरेल. काहीच झालं नाही आणि रंग घट्ट असेल तर फक्त फोडांच्या जागा पत्र्यापर्यंत नेऊन त्यांच्या कडा उतरत्या करा आणि बाकीचा भाग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मंद करा. उतरवायचाच झाला तर पेंट रिमूव्हर, रबरी हातमोजे आणि मोकळी हवा.

पोच्याबद्दल एक सावधगिरी. गुडघ्याशी टाकीला जो खोलगट आकार आहे तो मूळ साच्यातला. उत्साहाच्या भरात लोक तोही भरून टाकतात आणि टाकी सुजल्यासारखी दिसते. उजव्या बाजूशी तुलना करून पोच्याची हद्द पेन्सिलने आखा. खोली तीन मिलिमीटरच्या आत असेल तर पुट्टी चालेल. जास्त असेल तर आधी पुलरवाल्याकडून ओढून घ्या. रंग काढून पत्रा ८० च्या पेपरने खरबरीत करा आणि हार्डनरवाली पॉलिएस्टर पुट्टी लावा. प्रमाण वजनाने शंभराला दोन. उन्हाळ्यात ती पाच-सात मिनिटांत आवळते, म्हणून लिंबाएवढीच मिसळा. हार्डनर जास्त घातला की बारीक छिद्रं पडतात आणि पुढे हलक्या रंगातून लालसर डाग वर येतो. पुट्टी कोरडीच घासा, आधी ८०, मग १२०, मग २२०, आणि नेहमी लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. पाणी लावून घासू नका, पुट्टी पाणी पिते आणि ते पुढच्या पावसाळ्यात फोड होऊन बाहेर येतं. एनसी पुट्टी, म्हणजे हार्डनर न लागणारी तयार पुट्टी, फक्त प्रायमरवरच्या ओरखड्यांना. जाड लावली तर ती महिनोन् महिने आटत राहते आणि पोच्याची कड पुन्हा दिसायला लागते.

उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा. एच प्रायमर, म्हणजे ॲसिडवाला, वापरणार असाल तर त्यावर पॉलिएस्टर पुट्टी भरू नका, ती सुटते. प्रायमर सुकला की लांबून काळ्या कॅनची पुसट धूळ उडवा आणि ६०० च्या वॉटर पेपरने घासा. काळे ठिपके जिथे उरतात तिथे खळगा आहे. डोळ्याला न दिसणारी पोच्याची कड या युक्तीने उघडी पडते. रंगावरच्या चकचकीत क्लिअरखाली, म्हणजे पारदर्शक थराखाली, ती लपणार नाही, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न: कॅन. दुकानातला साधा स्प्रे कॅन एकाच घटकाचा असतो, फक्त थिनर उडून सुकतो. तो कितीही दिवस सुकला तरी पेट्रोलने मऊ पडतो. पंपावर नळी काढताना दोन थेंब सांडले की तोंडाभोवती रंग चिकट होतो आणि पुसताना फडक्याला येतो. टाकीवर शेवटचा थर हार्डनरवाल्या दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरचाच हवा, याला पर्याय नाही. खालचा रंग अ‍ॅक्रिलिक कॅनचा चालेल, एनॅमलचा नको.

आणि इथे मी घरच्या हौसेला थोडा आवर घालतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क ते अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हे किमान, जोडीला चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि वाहती हवा. घरात लहान मुलं किंवा दम्याचा रुग्ण असेल तर रंगापर्यंतचं सगळं काम घरी करा आणि फक्त क्लिअर जवळच्या पेंटरच्या बूथमध्ये मारून घ्या. रंग अ‍ॅक्रिलिक कॅनचा आहे हे त्याला सांगा, म्हणजे तो पहिला हात हलका मारेल. भिजवून मारला तर खालचा रंग उचलतो.

मारताना टाकी मागच्या भोकातून तारेने टांगा किंवा आतल्या खोबणीत लाकूड घालून स्टँडवर बसवा. आधी खालची बाजू आणि खोबण, मग कडा, शेवटी वरचा भाग. अंतर पंधरा-वीस सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर, आणि फवारा टाकीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. गन असेल तर १.३ किंवा १.४ चं नोझल, दाब सुमारे ३० पीएसआय आणि कंप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप. रंगाचे तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. एकाच वेळी झाकायला गेलात की ओघळ येणारच. तयार रंग आणि तयार क्लिअर प्रत्येकी पाव लिटरच्या आसपास धरा, थोडं जास्तच मिसळलेलं बरं.

स्टिकर रंग आणि क्लिअरच्या मध्ये बसतात. पाण्यात साबणाचा थेंब टाकून सरकवत बसवा, पाणी मधून कडेकडे दाबून काढा आणि एक दिवस सुकू द्या. पहिलं क्लिअर अगदी धुक्यासारखं, नाहीतर स्टिकरच्या कडा वळतात. मग दोन भरीव हात. कड बोटाला लागायला नको असेल तर दुसऱ्या दिवशी ८०० ने हलकं घासून आणखी दोन हात मारा.

सगळ्यात जास्त लक्ष पेट्रोल भरायच्या तोंडाकडे द्या. मास्किंग टेप ओठाच्या वरच्या कडेवर थांबवली की रंगाची धार तिथेच उघडी राहते आणि प्रत्येक वेळी सांडलेलं पेट्रोल त्या धारेखाली शिरतं. टेप तोंडाच्या आत, झाकणाचं रबर जिथे बसतं त्याच्या खाली लावा, म्हणजे क्लिअर ओठावरून आत वळेल. चांगल्या रंगवलेल्या टाक्याही पहिल्यांदा इथेच सुटतात. झाकणाचं रबर नवं घाला.

हवामानाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. ओलीत रंगावर पांढुरकी झाक येते. मुंबई-कोकणात तर पाऊस नसतानाही सकाळचा दमटपणा ओसरल्यावरच मारा. देशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन ही उत्तम वेळ. टाकी सावलीत हवी, तापलेल्या पत्र्यावर थिनर उकळून बारीक फोड येतात. जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. चेन ल्यूब आणि सिलिकॉनचं पॉलिश त्या दिवशी हातातही घेऊ नका, त्याच्या कणानेसुद्धा रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

क्लिअर हाताला काही तासांत सुकतं, पण पेट्रोल झेलण्याइतकं पक्कं व्हायला आठवडा लागतो. तोवर टाकी गाडीवर चढवू नका. बफिंग करायचं तर दोन-तीन दिवसांनी १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने, मग रबिंग कंपाउंड. कडांवर हात हलका ठेवा, तिथे थर पातळ असतो. रंग बदलणार असाल तर आधी आरटीओची प्रक्रिया बघून घ्या. आरसी बुकात रंगाची नोंद असते, बदललेल्या रंगाची नोंद करून घ्यावी लागते.

चढवताना पुढची रबरं नवी घाला. जुनी कडक झालेली असतात आणि टाकीचा नवा रंग घासून काढतात. कॉकची ओ-रिंग आणि पेट्रोलचा पाइप इथेनॉल चालणारा घ्या, कॉकची जाळी साफ करा आणि पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. पहिल्यांदा दोनच लिटर पेट्रोल घालून रात्रभर गाडी उभी ठेवा, खाली कागद पसरून. कागद कोरडा राहिला तर टाकी भरा. पुढचा महिनाभर फिल्टरवर नजर ठेवा. थोडी तांबूस पूड येणं साहजिक आहे, फिल्टर बदलला की झालं. पूड येतच राहिली तर आत गंज उरलाय, पण त्यासाठी रंगाला हात लावावा लागणार नाही. तोंडाला आणि कॉकच्या भोकाभोवती प्लास्टिक आणि टेपचे दोन वेढे गुंडाळा आणि लिंबूसत्त्वाची एक फेरी पुन्हा करा.